बाहेरून आपलं काय काय उघडं दिसतंय, यावर लक्ष कसं ठेवता?

शंकासुर_२

नमस्कार मंडळी,

हल्लीच ऑफिसात एक नवीन लोढणं माझ्या गळ्यात आलंय. "आपलं बाहेरून काय काय उघडं दिसतं त्यावर लक्ष ठेवायचं", एवढंच सांगितलंय. म्हणजे डोमेन, सबडोमेन, पब्लिक आयपी, व्हीपीएन, मेलचं पोर्टल, क्लाउडमधलं स्टोरेज, शिवाय मार्केटिंगवाल्यांनी कुठल्याशा मोहिमेसाठी एजन्सीकडून करून घेतलेल्या छोट्या छोट्या साइटी, ज्यांचं पुढे काय झालं ते आता एजन्सीलाही माहीत नाही. यादी म्हणून एक एक्सेल शीट आहे. तिच्या निदान तीन आवृत्त्या फिरतायत आणि जो तो आपलीच खरी म्हणतो.

साहेबांचं म्हणणं, टूल घ्या. टूलवाले येऊन डेमो देऊन गेले. जगाचा नकाशा, त्यावर लाल ठिपके, कोपऱ्यात आपल्याला १०० पैकी मार्क. दिसायला झकास. पण मार्क कमी पडले तर मी नक्की कुणाला फोन करायचा, हे विचारलं तर "ते तुमच्या प्रोसेसवर अवलंबून आहे" म्हणाले.

वर्षातून एकदा पेन टेस्ट (मुद्दाम हल्ला करून बघायची चाचणी) होते, पण ती आपण दिलेल्या यादीवरच होते ना. यादीतच नाही ते कोण बघणार? तर ज्यांनी हे काम केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा. सुरुवात कुठून केली, टूल की स्वतःच्या स्क्रिप्टा, आणि मुख्य म्हणजे सापडलेलं बंद कसं करवून घेता?

रात्रपाळी

टूलचं नंतर बघा. आधी सीआरटी डॉट एसएच (crt.sh) ही साइट उघडा आणि आपलं डोमेन टाका. फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही.

हे काय असतं ते थोडक्यात सांगतो. २०११ मध्ये डिजिनोटार नावाच्या, वेबसाइटना ओळखीची सर्टिफिकेटं देणाऱ्या कंपनीत घुसून लोकांनी गूगलसकट बऱ्याच जणांच्या नावाची खोटी सर्टिफिकेटं काढली, कंपनी त्यातच बुडाली. त्यानंतर असं ठरत गेलं की दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद जाहीर लॉगमध्ये व्हायला हवी, आणि ३० एप्रिल २०१८ नंतरच्या सर्टिफिकेटांसाठी क्रोमने ते सक्तीचंच केलं. त्यामुळे टेस्ट, यूएटी, ओल्ड, जेनकिन्स, व्हीपीएन-२ असलं कुठलंही नाव घेऊन तुम्ही सर्टिफिकेट काढलंत की ते नाव सगळ्या जगाला वाचायला मोकळं. डेव्हलपर म्हणतात ना, "टेस्ट सर्व्हरचा पत्ता कुणाला दिलेलाच नाही, सापडेल कसा?" अहो, सर्टिफिकेट निघालं त्याच मिनिटाला देऊन झाला.

वाइल्डकार्ड (सगळ्या सबडोमेनांना मिळून एकच) सर्टिफिकेट असेल तर मात्र सबडोमेनची नावं त्यात दिसत नाहीत. त्यासाठी डीएनएस सांभाळणाऱ्यांकडून झोनची अख्खी फाइलच (डोमेनच्या सगळ्या नोंदींची यादी) मागून घ्या. आपल्याच माणसांकडे असलेली गोष्ट बाहेरून अंदाजाने शोधत बसण्यात काय शहाणपण?

गोंधळी

"न्यू-फायनल-फायनल-२" नावाचं सबडोमेन मी प्रत्यक्ष पाहिलंय. प्रॉडक्शन होतं.

बिनधास्त_बंड्या

मला हे सगळं जरा अतीच वाटतं बुवा. मोठ्या बँका, सरकारी खाती यांनी करावं. मध्यम आकाराच्या संस्थेच्या टेस्ट सर्व्हरच्या मागे कोण हात धुवून लागणार आहे? व्हीपीएन आणि मेल नीट अपडेट ठेवा, बाकी पाण्यात काठी मारण्यासारखं आहे.

शेल_मास्तर

बंड्याभाऊ, मागे लागायला तुमचं नाव माहीत असावं लागत नाही. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी झेडमॅप नावाचं स्कॅनर काढलं, एक गिगाबिटची लाइन आणि एक साधं मशीन, त्यावर एक पोर्ट (मशीनचं एक दार) धरून सगळं इंटरनेट ४५ मिनिटांच्या आत फिरून येतं. आता तर मासस्कॅन वगैरे आणखी वेगवान गोष्टी आहेत. शोडन २००९ पासून हेच करतंय आणि उत्तरं शोधायला सगळ्यांना देतंय. म्हणजे संस्था शोधून मग भोक शोधायचं असा क्रमच राहिला नाही. आधी भोकांची यादी निघते, त्यात तुमचा आयपी असला तर असला.

२०१७ च्या जानेवारीत मोंगोडीबीचं काय झालं आठवतंय? पासवर्डशिवाय उघडे ठेवलेले डेटाबेस हजारोंनी पुसले गेले आणि जागेवर खंडणीची चिठ्ठी. त्यात लहान, मोठे, मध्यम, सगळे होते. कुणीही कुणालाही निवडलं नव्हतं. कित्येकांनी पैसे भरले आणि डेटा मिळालाच नाही, कारण चिठ्ठी ठेवणाऱ्याने कॉपी काढलीच नव्हती.

बिनधास्त_बंड्या

बरं, हा मुद्दा मान्य. पण मग रोज स्कॅन करून रोज ४०० ओळींचा रिपोर्ट येणार आणि तो कुणी वाचणार नाही, हेही मान्य करा.

शेल_मास्तर

हो, ते मान्य. :)

खडूस_ऑडिटर

बंड्याच्या या दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबू या, कारण धाग्याचं खरं दुखणं तिथे आहे. इक्विफॅक्सचं (अमेरिकेतली पतमाहिती ठेवणारी कंपनी) २०१७ चं प्रकरण सगळ्यांना "पॅच मारला नाही" एवढंच आठवतं. चौकशीचे अहवाल वाचलेत तर गोष्ट वेगळीच आहे. अपाची स्ट्रट्स या तिथे वापरात असलेल्या सॉफ्टवेअरमधला दोष मार्चच्या पहिल्या आठवड्यात जाहीर झाला, पॅचही होता. कंपनीने आतल्या आत मेल पाठवला की ४८ तासांत लावा. पण मेलची यादीच जुनी होती, ज्यांनी पॅच लावायचा त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. त्यानंतर स्कॅनसुद्धा केला, त्यात तो सर्व्हर सापडला नाही. मे महिन्यात चोर आत शिरले. आणि आत येणाजाणाऱ्या ट्रॅफिकवर लक्ष ठेवायला जे उपकरण होतं त्याचं सर्टिफिकेट कित्येक महिने आधीच संपलेलं, त्यामुळे त्याला एनक्रिप्टेड ट्रॅफिकमधलं काही दिसतच नव्हतं. जुलैअखेर कुणीतरी ते सर्टिफिकेट बदललं तेव्हा लगेच संशयास्पद काहीतरी दिसायला लागलं. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती तोवर गेली होती.

म्हणजे बघा, स्कॅनर होता, पॉलिसी होती, मेल गेला होता. कुठला सर्व्हर कुणाचा, हे धड लिहिलेलं नव्हतं. शंकासुर, तुमच्या एक्सेलमध्ये "मालक" असा रकाना आहे का? आणि त्यात विभागाचं नाव आहे की माणसाचं? "आयटी टीम" लिहिलेलं मी मालक धरत नाही.

शंकासुर_२

रकाना आहे. निम्म्या ओळींत "आयटी टीम" आहे. उरलेल्यांत जे आहेत त्यातले काहीजण सोडून गेलेत.

खडूस_ऑडिटर

मग टूलवर खर्च करायच्या आधी हा रकाना भरा. टूल तुम्हाला आयपी देईल, माणूस देणार नाही.

ढगाळ

क्लाउडवाली म्हणून माझ्याकडून एक. पोर्ट आणि व्हर्जन यांच्या नादात लोक डीएनएसमधल्या लोंबकळणाऱ्या नोंदी विसरतात. होतं असं की मोहिमेसाठी एखादं सबडोमेन काढलं, त्याची सीनेम नोंद क्लाउडमधल्या एखाद्या अ‍ॅपच्या किंवा स्टोरेज बकेटच्या नावाकडे वळवली. मोहीम संपली, बिल येतंय म्हणून कुणीतरी क्लाउडमधलं अ‍ॅप उडवलं. डीएनएसची नोंद तशीच. आता क्लाउडमधलं ते नाव मोकळं झालं की कुणीही आपल्या खात्यात नेमकं त्याच नावाचं अ‍ॅप काढतो आणि तुमच्या सबडोमेनवर त्याचं पान दिसायला लागतं. पत्ता अस्सल तुमचा, वर सर्टिफिकेटही रीतसर मिळतं, कारण डोमेनवर ताबा आहे एवढंच तर सिद्ध करायचं असतं. आणि तुमच्या मुख्य साइटच्या कुकीज सगळ्या सबडोमेनांसाठी सेट केलेल्या असतील तर त्याही तिकडे पोचतात. तुमच्या एकाही सर्व्हरला हात न लावता.

यात गंमत अशी की पोर्ट स्कॅनला यात काहीच सापडत नाही, कारण तिथे तुमचं असं काही उरलेलंच नसतं. झोन फाइल घ्या, प्रत्येक सीनेम जिकडे बोट दाखवतोय ते अजून तुमच्याच खात्यात आहे का ते तपासा. काही क्लाउडवाल्यांनी आता मालकी तपासायची सोय केलीये, सगळ्यांनी नाही. आणि टीमला क्रम पाठ करायला लावा: बंद करताना आधी डीएनएसची नोंद काढायची, मग अ‍ॅप. हे उलटं झालं की घोळ झालाच.

वाचनमात्र

ढगाळताई, दंडवत. आत्ताच जाऊन तपासलं. पुढचं इथे लिहीत नाही.

गोंधळी

वाचनमात्र आयुष्यात पहिल्यांदा लिहिते झाले, धागा सार्थकी लागला.

शेल_मास्तर

ढगाळ यांनी पोर्ट स्कॅनला कमी लेखलंय ;) म्हणून एक किस्सा. ओळखीच्या एका टीमने लिनक्स सर्व्हर उभा केला, यूएफडब्ल्यू (लिनक्सचा फायरवॉल) चालू, २२ आणि ४४३ हे पोर्ट सोडून सगळं बंद. स्टेटस विचारलं तर तोही तेच सांगतो. बाहेरून एनमॅप (पोर्ट तपासणारं टूल) मारला तर ६३७९ उघडा, म्हणजे रेडिस हा डेटाबेस, आणि पासवर्डही नाही. दोन्ही बाजू स्क्रीनशॉट घेऊन भांडतायत, एक म्हणते बंद आहे, दुसरी म्हणते उघडा आहे, आणि दोघीही खरं बोलतायत!

कारण डॉकर. कंटेनरचा पोर्ट पब्लिश केला की डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम घालतो, पॅकेटचा पत्ता आधीच बदलून ते थेट कंटेनरकडे वळवलं जातं आणि यूएफडब्ल्यूचे जे नियम मशीनवर येणाऱ्या ट्रॅफिकसाठी असतात त्यांच्यापर्यंत ते येतच नाही. पत्ता न देता पब्लिश केलं की सगळ्या इंटरफेसवर उघडतं. कंपोज फाइलमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहिलं की प्रश्न मिटला, किंवा डॉकर-यूजर चेनमध्ये नियम घाला. पण मुद्दा असा की हे आत बसून कॉन्फिग वाचून कधीच कळलं नसतं. बाहेरून, खरोखर बाहेरच्या नेटवर्कवरून बघायलाच लागतं. ऑफिसच्या वायफायवरून स्कॅन करून "बाहेरून तपासलं" म्हणणारेही भेटलेत.

जाता जाता, आयपीव्ही६. सगळे पत्ते फिरून बघणं कुणालाच शक्य नाही एवढे ते आहेत, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण डीएनएसमध्ये एएएए नोंद (नावाचा व्ही६ पत्ता) असली की पत्ता हातात पडतो, आणि फायरवॉलचे नियम फक्त व्ही४ ला लावलेले निघतात.

मी_तीच

टूलच्या बाजूने कुणीच बोलेना म्हणून मी बोलते. आम्ही घेतलंय एक, नाव नाही लिहीत. फायदा हा की रोज चालतं, आणि कालपर्यंत नव्हतं ते आज दिसलं की लगेच सांगतं. हा फरकाचा अलर्ट हीच मुळात कामाची गोष्ट आहे, बाकी नकाशा आणि मार्क वरच्या लोकांच्या स्लाइडसाठी. सबफाइंडर, एचटीटीपीएक्स, न्यूक्लिआय ही शोधायची टूलं एकमेकांना जोडून, काल आणि आजचा डिफ काढून, एखादा नीट बसलेला माणूस हेच करू शकतो. पण तो माणूस रजेवर गेला, नोकरी सोडली, की क्रॉनजॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) फेल होत राहतो आणि "काही नवीन सापडलं नाही" असं सगळ्यांना वाटत राहतं. टूलला रजा नसते.

तोटे पण सांगते. क्लाउडमधले आयपी फिरते असतात. तुम्ही सोडलेला आयपी दुसऱ्याला जातो आणि टूल त्याचं मशीन तुमच्या नावावर लाल दाखवत राहतं. त्याचं तुम्ही काय करणार? वर त्यावर टेस्ट चालवलीत तर परक्याच्या मशीनवर परवानगीशिवाय चालवल्यासारखं आहे, ते वेगळंच झेंगट. दुसरं, नुसत्या बॅनरमधलं (सर्व्हर स्वतःहून सांगतो ते) व्हर्जन वाचून "क्रिटिकल" म्हणतं. डेबियन, रेड हॅटवाले जुनाच व्हर्जन नंबर ठेवून सुरक्षेचे पॅच मागे आणून लावतात, त्यामुळे बॅनर जुना दिसतो आणि दोष मात्र केव्हाच बुजवलेला असतो. हे समजावण्यात आमचे किती तास जातात ते विचारू नका, विशेषतः ऑडिटर मंडळींना.

खडूस_ऑडिटर

हा टोमणा माझ्यासाठी होता असं धरून चालतो. डिस्ट्रोच्या सिक्युरिटी नोटीसमधली पॅकेजची ओळ आणि सर्व्हरवरचं पॅकेज व्हर्जन, दोन्ही शेजारी ठेवून दिलं की मी तिथल्या तिथे बंद करतो. "बॅकपोर्टेड आहे, विश्वास ठेवा" एवढ्यावर नाही करत.

मी_तीच

तुमच्यासारखे सगळे असते तर!

रात्रपाळी

रोजच्या ४०० ओळींबद्दल. आमची पद्धत सांगतो. सीव्हीएसएसचा (दोष किती गंभीर, याचे १० पैकी मार्क) आकडा बघून क्रम लावणं आम्ही सोडलं, ९.८ वाले इतके असतात की त्यातून काही कळत नाही. सिसाची (अमेरिकन सरकारची सायबर सुरक्षा संस्था) केईव्ही नावाची यादी आहे, नोव्हेंबर २०२१ पासून चालू आहे, त्यात फक्त ज्यांचा प्रत्यक्षात गैरवापर झालाय असेच दोष घेतात. बाहेर दिसणारी वस्तू आणि केईव्हीत नाव, हे दोन्ही जुळलं की रात्री फोन. नाही जुळलं तर सकाळी तिकीट.

आणि सर्वात आधी बघायचं ते व्हीपीएन, फायरवॉल, फाइल ट्रान्सफर असली दारातच उभी असणारी उपकरणं. २०२३ चं फाइल ट्रान्सफरवालं मूव्हइट घ्या, सिट्रिक्सच्या उपकरणांमधला सिट्रिक्स ब्लीड नावाचा दोष घ्या. सिट्रिक्समध्ये तर पॅच लावून भागत नव्हतं, चोरीला गेलेली सेशन टोकन (लॉगिन झाल्याच्या खुणा) पॅचनंतरही चालत होती, चालू सेशनं मुद्दाम मारायला लागत होती. डॅशबोर्ड मात्र पॅच लागला की हिरवा. २०२४ च्या सुरुवातीला इव्हांटीच्या व्हीपीएनबाबत सिसाने अमेरिकन सरकारी खात्यांना उपकरणं ४८ तासांत नेटवर्कवरून काढाच म्हणून सांगितलं होतं. असा निरोप आला तर तुमच्याकडे ते उपकरण कुठे कुठे आहे हे तासाभरात सांगता येईल का? माझ्या लेखी लक्ष ठेवणं म्हणजे हे.

अ‍ॅडमिन पॅनेल बाहेर दिसायलाच नको, त्यात दोष आहे का नाही ही चर्चाच नको. त्याच सिसाने २०२३ मध्ये असली मॅनेजमेंट पानं सापडल्यापासून १४ दिवसांत आत घ्या म्हणून आदेश काढला होता. आम्ही तोच आकडा आमच्याकडे लावला, वरिष्ठांशी वाद घालायला बरा पडतो.

अनामिक_अ‍ॅडमिन

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

गोंधळी

अनामिक यांचा प्रतिसाद मी वाचला होता. आयपी रेंजसकट लिहिलं होतं हो. कॅशेमधूनही काढा.

मोडेम_आजोबा

अवांतर आहे, पण विषय निघालाच आहे तर. फुकटातली अजून एक गोष्ट कुणी सांगितली नाही. शॅडोसर्व्हर फाउंडेशन. ना-नफा संस्था आहे, रोज सगळं इंटरनेट स्कॅन करते, आणि तुमच्या आयपी रेंज व डोमेन तुमच्याच आहेत हे एकदा पटवून दिलंत की त्यात जे सापडेल त्याचा रिपोर्ट मेलने पाठवते. उघडा आरडीपी (विंडोजचं दुरून लॉगिन), उघडे डेटाबेस, जुन्या फर्मवेअरची उपकरणं, बऱ्यापैकी सगळं. साहेब टूलचं बजेट मंजूर करेपर्यंत हे तरी चालू करून ठेवा. मेल मात्र एका माणसाच्या पत्त्यावर घेऊ नका, ग्रुपवर घ्या.

आणि साइटवर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी ठेवा. त्याचं मानक आरएफसी ९११६, २०२२ चं आहे. दोष सापडलेल्या सज्जन माणसाला तुमच्याशी बोलायला जागा पाहिजे, नाहीतर तो बिचारा विक्रीच्या फॉर्ममध्ये लिहितो आणि तिकडून त्याला ब्रोशर येतं.

ढगाळ

आजोबा, ती फाइल ठेवली की सज्जनांबरोबर दुसरी जमातही येते ना. "आदरणीय महोदय, तुमच्या साइटमध्ये गंभीर दोष सापडला आहे, बक्षीस किती देणार?" आणि दोष काय, तर डीमार्क नोंद (आपल्या नावाचे खोटे मेल रोखायची) नाही. ती पण असते, त्याने चुकीचं डोमेन बघितलेलं असतं.

गोंधळी

मला तर एकाने क्लिकजॅकिंग (फसवून भलत्याच बटणावर क्लिक करवणं) दाखवलं होतं. ज्या पानावर क्लिक करायला एकही बटण नव्हतं.

मोडेम_आजोबा

येतात खरे. ठरावीक उत्तर तयार ठेवायचं, "पुरावा आणि पायऱ्या पाठवा, बक्षिसाची योजना नाही." बहुतेक तिथेच गळतात. पण त्यातल्या एखाद्यात खरं असतं, म्हणून न वाचता डिलीट करू नका.

वाचनमात्र

सर्टिफिकेट संपण्याकडेही यातूनच लक्ष ठेवता का? फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एनक्रिप्टने २०२५ च्या जूनपासून आठवणीचे मेल बंद केलेत, आणि पुढे पुढे मुदत कमी होत २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार असं ठरलंय. हाताने बदलणारे अजूनही आहेत आमच्याकडे.

रात्रपाळी

हो, तेच नावं गोळा करणारं काम तारखाही देतं, वेगळं टूल नको. हाताने बदलणाऱ्यांना ४७ दिवसच वठणीवर आणतील, आपण काही बोलायला नको.

शंकासुर_२

सगळ्यांचे आभार, प्रतिसाद प्रिंट काढून साहेबांपुढे ठेवावेत असे आलेत. रात्रपाळी यांनी सांगितल्याप्रमाणे लॉगमधून नावं काढली, शॅडोसर्व्हरलाही अर्ज टाकलाय. आता अडचण अशी. एक होस्ट सापडलाय, तीनही एक्सेलमध्ये नाही. चालू आहे, टॉमकॅटचं (जावाची अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) जुनं पान दिसतं, सर्टिफिकेट आपोआप रिन्यू होतंय म्हणजे कुणीतरी नीट बसवलेलं होतं. सगळ्या टीमला मेल टाकला, कुणीच माझं म्हणत नाही, आणि "बंद करू का?" विचारलं की "नको, काहीतरी बंद पडेल" हे मात्र सगळे एकसुरात म्हणतात. काय करू?

बिनधास्त_बंड्या

सरळ बंद करा. ज्याचं असेल तो बोंबलत येईल.

मी_तीच

बोंब नेमकी वर्षअखेरीच्या क्लोजिंगच्या रात्री ऐकू येते, बंड्या.

शंकासुर, आधी बिल कोण भरतंय ते बघा. अकाउंट्सकडे क्लाउड आणि होस्टिंगची सगळी बिलं आणि कंपनीच्या कार्डांची स्टेटमेंट असतात, तुमच्या कुठल्याही स्कॅनरपेक्षा ती यादी पूर्ण असते. आमची अर्धी बेवारस मंडळी तिथे सापडली. व्हीएमचा टॅग, कुणाच्या लॉगिनने बनलं, हेही तिथून उलगडत जातं.

शेल_मास्तर

आणि बंद करायच्या आधी त्याच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये डोकवा. स्कॅनर आणि बॉटचा कचरा गाळला की मागे जे दोनतीन आयपी ठरावीक वेळेला येताना दिसतात, तेच तुमचे खरे वापरणारे. त्यांच्याकडून उलट शोधत जा. कुणीच उरलं नाही तर मशीन डिलीट करू नका, स्नॅपशॉट घ्या, लॉग बाजूला काढून ठेवा, आणि फक्त फायरवॉलवर बाहेरून येणारं बंद करा. आतून चालू राहू दे. म्हणजे बोंब आलीच तर एक नियम काढला की पूर्ववत. एक महिनाअखेर आणि एक तिमाहीअखेर जाऊ दे मधून. तोवर आत कुणी आधीच येऊन बसलेलं नाही ना हेही त्या लॉगमधून बघून घ्या, जुना टॉमकॅट इतके दिवस उघडा होता म्हणजे मला तरी शंका येते. टॉमकॅटच्या मॅनेजरचं (अ‍ॅप चढवायचं) पान उघडतंय का?

शंकासुर_२

उघडतंय, पासवर्ड मागतंय.

शेल_मास्तर

मग तिमाहीची वाट नंतर बघा. बाहेरून येणारं आज संध्याकाळीच बंद करा, आणि वेबअ‍ॅप्स फोल्डरमध्ये तुमच्या ओळखीची नसलेली वॉर फाइल (टॉमकॅटवर चढवलेलं अ‍ॅप) आहे का ते आत्ता बघा. असेल तर काही डिलीट करू नका, इथेही लिहू नका, तुमच्या इन्सिडंटवाल्यांना उठवा.

खडूस_ऑडिटर

आणि एक्सेलमध्ये त्याची ओळ घाला. मालक रकान्यात तूर्तास तुमचं स्वतःचं नाव लिहा, खरा मालक दोन दिवसांत उगवतो की नाही बघा.